उताराकडची माणसं

६ फेब्रुवारी, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात. टाकवत नाहीत, म्हणून त्यांवर मनातलं लिहिते. वही पुढून घराची, मागून माझी.

आज बातमी आली. शेवटची ट्रेन आता पावणेबाराची नसणार. तिच्यानंतर आणखी एक, रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. बुधवारपासून चाळीस दिवस चालवून बघणार, आणि आपल्या स्टेशनवर रात्रीला सरासरी तीस माणसं उतरली तरच कायम ठेवणार.

आमच्या घरापुरता याचा अर्थ एवढाच की सून रात्री घरी येणार. ती मोठ्या हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. दुसरी पाळी, सुटता सुटता बारा. म्हणून आठवड्यातल्या पाच रात्री तिथल्याच विश्रांतीच्या खोलीत पडते आणि पहाटेच्या ट्रेनने येते. लेक जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यात. तेव्हा नात माझ्या कुशीत. उरलेल्या दोन रात्रीही सवयीने माझ्याचकडे. तिला भिंगरी म्हणतो, कारण पाच वर्षांत एकदाही सरळ चाललेली नाही.

संध्याकाळी किल्लीवाले भावजी वर आले. स्टेशनच्या जिन्याखाली त्यांचं किल्ल्या करून द्यायचं दुकान आहे. ही ट्रेन राहावी म्हणून त्यांनी चार लोक जमवलेत.

"वहिनी, आपल्या स्टेशनला फाटक नाही. पासवाले उतरतात आणि चालू लागतात, तिकिटांवरून आकडा कळत नाही. कचेरी म्हणते, रहिवाशांनी रोज मोजून वही ठेवा, अधूनमधून आमचा माणूस बघून जाईल. तुमची खिडकी जिन्यासमोर. आणि तुमचं मोजणं म्हणजे दगडावरची रेघ."

"तुम्हाला काय एवढा पुळका?" मी विचारलं.

"रात्री उशिरा घरी येणाऱ्याचीच किल्ली हरवते, वहिनी. माझा धंदा आहे तो!"

हो म्हटलं. सगळ्यांना आनंद झाला. मलाही झालाच.

भिंगरीने विचारलं, "मग मी कुठे झोपायचं?"

"आईजवळ," मी म्हटलं. त्यात विचारायचं काय?

८ फेब्रुवारी, बुधवार

पाऊण वाजता उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टूल ओढलं. नुसतं मोजताना मन भरकटतं, म्हणून जपाची माळ घेतली. जिन्यावरून एक माणूस उतरलं की एक मणी, आणि मण्यासोबत देवाचं नाव. म्हणजे मोजणंही होतं आणि ज्याचं त्याचं भलंही चिंतलं जातं. माळ हातात असताना खोटा आकडा मांडायची छातीही होत नाही.

हे जागे होतेच. म्हणाले, "अगं, देवालासुद्धा रात्रपाळी लावलीस?"

चौदा माणसं उतरली. चौदावी आमची सून.

दार उघडून आत आली तर मी समोर. "आई! जाग्या कशाला राहिलात?"

"मोजतेय."

"काय?"

"तुला."

हसली. तोंड एवढंसं झालं होतं, पण हसली. चहा टाकला, दोघींनी घेतला. मग आत जाऊन तिने भिंगरीला माझ्या गादीवरून उचललं. पोरगी झोपेतच तिच्या गळ्यात पडली. आईच ती, पडणारच. मी दोनदा जागी झाले. हात बाजूला नेला, गादी चाचपली, परत आणला. उशी जुनी झाली आहे, त्यामुळे झोप लागत नसावी.

९ फेब्रुवारी, गुरुवार

सोळा.

एक गोष्ट लिहून ठेवते. फलाटाच्या मागच्या टोकाला एक उतार आहे, पूर्वी मालाच्या हातगाड्या न्यायचे तो. रुळांपलीकडच्या वस्तीतली माणसं जिन्याला वळसा नको म्हणून त्याने उतरतात. दिवसा आपण सगळेच बघतो, पण किल्लीवाल्यांचं दुकान जिन्याखाली आणि राहणंही याच बाजूचं, त्यांच्या ते ध्यानात आलेलं दिसत नाही. खिडकीतून मान डावीकडे वळवली तर अंधारात तिथे मोबाइलचे उजेड खाली जाताना दिसतात. काल दिसले, आजही दिसले.

मला जिन्याचं सांगितलं आहे, मी जिन्याचं मोजते. हिशेबाचा माझा नियमच आहे, डोळ्यांना धड दिसलं नाही ते मांडायचं नाही. अंधारातले उजेड म्हणजे काही माणसं नव्हेत.

१३ फेब्रुवारी, सोमवार

काल अकरा, कारण रविवार. आज एकोणीस.

किल्लीवाले आकडे बघून कपाळाला हात लावून बसले. "वहिनी, असं चाललं तर ट्रेन गेली म्हणायची. हात जरा सैल सोडा की."

"हात सैल सोडायला मी काय पिठाच्या गिरणीत मापाडी आहे?" मी म्हटलं. ते गेले. खरं बोलल्याचं समाधान वाटायला हवं होतं.

रात्री चहाला सून म्हणाली, "तिथे झोपायचे ना आई, तेव्हा शेजारच्या खोलीतलं यंत्र रात्रभर गुरगुरायचं. मी त्याला नाव ठेवलं होतं, घोरणारे काका."

मी विचारलं, "मग झोप लागायची?"

"लागायची की," म्हणाली, आणि कप धुवायला उठली. माझाही कप घेऊन गेली.

१८ फेब्रुवारी, शनिवार

वीस. आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा.

दुपारी भिंगरीला जवळ घेऊन निजवायला गेले तर म्हणते, "आजी, मी आता मोठी झाले. दुपारी झोपत नाही." आईने शिकवलं असेल. आईकडे झोपायला लागल्यापासून बरंच काही शिकते आहे. रोज सकाळी त्या खोलीतून दोघींच्या हसण्याचा आवाज येतो. मी भांडी जरा आपटूनच घासली, असं हे म्हणतात. ह्यांचा उजवा कान गेला आहे, तरी नको ते बरोबर ऐकू येतं.

संध्याकाळी देवापुढे बसले. "ट्रेन राहो न राहो, तुझी इच्छा," असं म्हणायला गेले आणि जीभ अडली. माझी इच्छा काय आहे ते त्याला ठाऊक आहे, मग त्याच्या नावावर कशाला खपवायची? बंद झाली तर काही कुणाचं वाईट होणार नाही. पूर्वी होतं तसं होईल. सून तिथे झोपायची, नीट झोपायची, तीच म्हणाली. भिंगरी माझ्याकडे.

उतारावर आज उजेड पुष्कळ होते. मोजले नाहीत.

२७ फेब्रुवारी, सोमवार

लिहायला हात वळत नाही.

लेकाचा फोन आला होता. आधी सुनेशी बोलला, मग माझ्याशी. "आई, तिने सांगितलं ना तुला खोलीचं?"

मी म्हटलं, कसली खोली?

त्याने फोन तिला द्यायला सांगितला. मग सुनेनेच माझ्यासमोर बसून सांगितलं. ट्रेन बंद झाली तर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत ती एक खोली घेणार आहे. भिंगरीला घेऊन. लॅबमधल्या एकीची आई रात्री तिला सांभाळायला तयार आहे.

"अगं, पण पूर्वी तर..."

"पूर्वी मला माहीत नव्हतं, आई." तिचा आवाज हळू होता. "रात्री झोपेत ती पाय माझ्या पोटावर टाकते. हे मला तीन आठवड्यांपूर्वी माहीत नव्हतं. आता पुन्हा त्या लोखंडी कॉटवर नाही झोपवणार मला. तुम्हाला सोडून जायला मला बरं वाटतंय का? पण ट्रेन राहील ना. राहील का हो, आई? तुम्ही मोजताय."

मी म्हटलं, देव बघतो आहे.

तो बघतोच आहे. तीच भीती.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मान डावीकडे वळवली. जिन्याचे अठरा झाल्यावर उताराकडचे उजेड धरले. तेवीस. त्यात एक म्हातारा होता, काठीवाला. एकीच्या खांद्यावर मूल होतं. इतके दिवस उजेड म्हणत होते त्यांना.

मागे हे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "वळवलीस एकदाची. मी म्हणत होतो, मान आखडली की काय बायकोची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू त्या बाजूला बघत नव्हतीस, एवढं माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?" आणि माझ्या हातातली माळ घेऊन खुंटीला लावली. "झोप आता. सकाळी त्याच्या दुकानात जा."

वीस रात्री त्या माणसांच्या वाट्याचं देवाचं नाव मी घेतलं नाही. आकड्यापेक्षा तेच जास्त बोचतं आहे.

१ मार्च, बुधवार

किल्लीवाल्यांना सगळं सांगितलं. ते कानस हातात धरून ऐकत राहिले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हणाले, नंतर या.

"वहिनी, त्यात काय एवढं! पहिल्या वीस रात्रींत वीस-वीस वाढवून टाका. शाई तुमचीच, वही तुमचीच, विचारतो कोण?"

"न बघितलेली माणसं कशी मांडू?"

"होती ना पण!"

"होती. किती होती ते मला माहीत नाही. मी बघितलं नाही, हाच तर माझा गुन्हा."

"हे कचेरीत सांगितलंत तर ते म्हणतील वहीच खोटी. उचलून केराच्या टोपलीत. मग?"

मग काय, ते मलाही ठाऊक नाही. खोटं न लिहिता पाप करता येतं हे मला या वयात कळलं. आता ते झाकायला खोटं लिहिणं माझ्याने होणार नाही. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण आज रात्रीपासून उताराच्या तोंडाशी उभं राहायला तयार झाले. हेही गेले, बॅटरी घेऊन. पहिल्या रात्रीचे दोन्ही मिळून त्रेचाळीस.

सुनेला सांगायचं धैर्य झालेलं नाही.

५ मार्च, रविवार

सांगितलं. तिची सुट्टी होती, भिंगरी खाली खेळायला गेलेली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगून होईपर्यंत तिच्या हातात एकच फ्रॉक होता, त्याचीच तिने चार वेळा घडी घातली.

"का, आई?"

"भिंगरी माझ्याजवळ राहावी म्हणून."

"आणि मी?"

मी ढिगातला एक टॉवेल ओढून घडी घालायला घेतला.

"मी रोज रात्री चहा पिताना तुम्हाला आकडा विचारायचे. तुम्ही सांगायचात. मला वाटायचं, या घरात माझ्यासाठी कुणीतरी जागं राहतंय."

"राहत होतेच गं."

ती उठून आत गेली. फ्रॉक माझ्या मांडीवर ठेवून गेली.

९ मार्च, गुरुवार

एकेचाळीस.

सून कामापुरतं बोलते. रात्री आता जिन्याने उतरतच नाही. फलाटावरून उताराच्या बाजूला जाते आणि पुलाखालून वळसा घालून चांगली वीस-पंचवीस मिनिटांनी घरी येते. माझ्या माळेत यायचं नसेल तिला. चहा गार होतो. मी झाकून ठेवते, ती तसाच पिते, गरम करून देऊ का म्हटलं तर नको म्हणते.

१३ मार्च, सोमवार

अडतीस.

काल तिची सुट्टी होती. तरी रात्री भिंगरीला निजवून बाहेर पडली, पायात चप्पल, हातात कागदांची पिशवी. हे सोबत गेले. दोघं दीड वाजता परत आले, आमच्या घराच्या जिन्यात काहीतरी बोलत होते, मला बघून गप्प. खोलीचे कागद असतील. म्हणजे ठरलं दिसतंय. ह्यांना विश्वासात घेतलं, मला नाही. घेईल कशी?

भिंगरीच्या फ्रॉकांची खालची दुमड दोन-दोन बोटं सोडून लांबी वाढवून ठेवली. तिकडे गेल्यावर सोडायला कोण बसणार आहे?

१९ मार्च, रविवार

आजची चाळिसावी रात्र. एकूण बेरीज एक हजार एकशे पंचेचाळीस. हव्या होत्या बाराशे. पंचावन्न माणसं कमी.

मोजणीच्या वेगळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: "पहिल्या वीस रात्री उताराने गेलेली माणसं यात धरलेली नाहीत. ती मला दिसत होती. मी स्वतःच्या स्वार्थासाठी तिकडे बघितलं नाही. त्यांची संख्या मला सांगता येत नाही." खाली सही केली. मॅट्रिकच्या पेपरावर केली होती तशी, पूर्ण नाव घालून.

देवाजवळ आज फक्त एवढंच मागितलं की भिंगरीला तिकडे थंडी वाजू नये.

२० मार्च, सोमवार

सगळं झालं तसं लिहिते.

कचेरीत आम्ही चौघं गेलो. हे, मी, किल्लीवाले आणि सून. तिने अर्धा दिवस रजा टाकली होती. का टाकली, मी विचारलं नाही. अधिकारी बाई माझ्या सुनेच्या वयाच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. त्यांनी वही बघितली, शेवटचं पान वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"हे लिहिल्यावर अख्ख्या वहीवर प्रश्न येतो, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

किल्लीवाले छताकडे बघायला लागले. तेवढ्यात सुनेने पिशवी उघडली आणि कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"उताराने जाणारी चौतीस माणसं आहेत, मॅडम. कोण कुठे कामाला, पहिल्या आठवड्यापासून कोणत्या कोणत्या रात्री या ट्रेनने आलं, ज्याने त्याने आपल्या हाताने लिहिलंय. ब्रेडच्या कारखान्यातले आठ आहेत, त्यांच्या हजेरीपत्रकाच्या नकलासुद्धा आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बाबांनी लिहून घेतलंय."

बाबा म्हणजे हे! बॅटरी काखेत धरून माझा नवरा दोन आठवडे लोकांचे जबाब लिहीत होता, आणि मी घरी बसून फ्रॉकला दुमड सोडत होते.

बाईंनी कागद चाळले. मग शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "त्या स्टेशनला दोन रात्री तुम्ही गेला होतात ना? कुठे उभे होतात?"

"जिन्यापाशी, मॅडम."

"आणि उताराकडे?"

"तिकडे अंधार होता, मॅडम."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. मग आम्हाला म्हणाल्या, "या सह्या बेरजेत धरता येतील का, मला वर विचारावं लागेल. आठवड्याभरात कळवते." वही ठेवून घेतली. केराच्या टोपलीत नाही, टेबलावर, काचेच्या वजनाने दाबून.

परत येताना ह्यांना आणि किल्लीवाल्यांना पुढे जाऊ दिलं.

सुनेला म्हटलं, "तू रोज वळसा घालून येत होतीस, मला वाटलं माझं तोंड बघायला नको म्हणून."

"तेही होतं," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस तेवढंच होतं. मग तो काठीवाला आजोबा भेटला. म्हणाला, पोरी, ती खिडकीतली बाई आम्हाला मोजते का गं? काय सांगणार होते मी त्याला?"

"अजून रागावली आहेस?"

"थोडी."

"असू दे. तुझा हक्क आहे."

"आणि आई, ते फ्रॉक. एवढी दुमड सोडलीत की ती लग्नापर्यंत घालेल." हसायला आलं तिला. मग मलाही.

२८ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळी पत्र आलं. ट्रेन आणखी सहा महिने राहणार. तेव्हा पुन्हा मोजणी, दोन्ही बाजूंना कचेरीची माणसं. आमच्या वहीची आता गरज नाही, असं स्वच्छ लिहिलं आहे. बाईंनी खाली पेनाने एक ओळ जास्तीची घातली होती, उतारावर दिवा बसवायला सांगितला आहे म्हणून. किल्लीवाल्यांनी पत्र सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. सुनेला लॅबमध्ये फोन केला तर पलीकडून नुसतं घोरणाऱ्या काकांचं यंत्र ऐकू येत राहिलं. मग म्हणाली, "खोलीवाल्याला कळवते, नको म्हणून."

रात्री भिंगरी माझ्या गादीवर गोष्ट ऐकता ऐकता झोपली. म्हटलं, असू दे, सून आली की उचलून नेईल. पाऊण वाजता उठायचं नव्हतं, तरी डोळे उघडतील असं वाटलं होतं. उघडले नाहीत. ट्रेन आली कधी, उतरलं किती, मला माहीत नाही.

सकाळी जाग आली तेव्हा भिंगरी तिथेच, आणि तिच्या पलीकडे सून. कामावरच्याच कपड्यांत, केसांची पिनसुद्धा न काढता, अर्धी गादीवर अर्धी जमिनीवर. पोरीचा एक पाय तिच्या पोटावर, एक माझ्या. थंडीने सुनेने गुडघे पोटाशी घेतले होते. पांघरूण ओढून बघितलं, तिघींना पुरेना. मग माझ्या बाजूचं टोक सोडलं आणि तिच्या खांद्यावरून नीट खोचलं.

उठायचं होतं, पण तो पाय हलवावा लागला असता. ह्यांनी बाहेरून दोनदा खाकरून चहाची आठवण केली. म्हटलं, आज तुम्हीच टाका.